कायद्याचा पगार आणि कराराचा पगार

प्रश्न : कोल्हापुरातील एका कायम विनाअनुदानित, राज्य मंडळाची मान्यता असलेल्या माध्यमिक शाळेत मी १४ वर्षांपासून शिकवते. गेल्या वर्षी आम्ही ३८ शिक्षकांनी संघटना स्थापन केली आणि वेतनश्रेणीसाठी शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. त्यानंतर संस्थेने चर्चेला बोलावून तीन वर्षांच्या कराराचा मसुदा हाती ठेवला. दर वर्षी १,५०० रुपयांची वाढ देऊ, मात्र अर्ज मागे घ्यावा, मागील थकबाकीवर हक्क सांगणार नाही असे लिहून द्यावे आणि प्रत्येकाने नवे नियुक्तिपत्र स्वीकारावे, अशा त्यात अटी आहेत. सध्या पगार बँकेत पूर्ण जमा होतो आणि त्यातील काही रक्कम दर महिन्याला रोखीने परत घेतली जाते. मसुद्यात याबद्दल एक शब्दही नाही. आमच्यातले निम्मे जण म्हणतात की मिळते ते पदरात पाडून घ्यावे. आम्ही काय करावे?
— एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : गळीत हंगामाच्या तोंडावर आपल्या जिल्ह्यात उसाच्या दराची जी बोलणी होतात, ती आपण वर्षानुवर्षे पाहत आला असाल. एफआरपी ही कायद्याने बांधून दिलेली किमान किंमत असते आणि जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत आकडा मागितला जातो तो तिच्या वरचा. (एफआरपी एकरकमी मिळावी म्हणूनही शेतकऱ्यांना भांडावे लागते, ही गोष्ट वेगळी.) आपल्या मसुद्यात मात्र कायद्याने जे आधीच देय आहे त्याचाच एक तुकडा वाढ म्हणून पुढे केला आहे आणि त्या बदल्यात उरलेले सोडून द्यायला सांगितले आहे.

महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ हा कायदा अनुदान मिळणाऱ्या आणि न मिळणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या खाजगी शाळांना लागू आहे, हे त्याच्या कलम ३ मध्येच म्हटले आहे. वेतनश्रेणी ठरते ती १९८१ च्या नियमावलीतील नियम ७ आणि अनुसूची ‘क’ प्रमाणे. एखाद्या शाळेतील वेतन त्याहून कमी असेल, तर ते त्या पातळीवर आणण्याचा लेखी आदेश शिक्षण संचालकांनी व्यवस्थापनाला द्यावा, असे कलम ४ चे पोटकलम ३ सांगते. ‘आम्हाला अनुदान नाही, म्हणून आम्हाला श्रेणी बंधनकारक नाही’ हे वाक्य बैठकीत नक्की ऐकू येईल. त्याला उत्तर म्हणून कलम ३ वाचून दाखवणे पुरेसे आहे. शिक्षकांनी कमी वेतनाला लेखी संमती दिली, तरी कायद्याचा हेतू निष्फळ करणारा करार भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २३ खाली शून्य ठरतो. असा मजकूर ५०० रुपयांच्या मुद्रांकावर लिहून नोटरीचा शिक्का मारला तरी त्यात फरक पडत नाही, जरी आपल्याकडे मुद्रांक पाहिला की माणसे निम्मी गप्प होतात.

मग असा करार शून्यच असेल, तर सही केली म्हणून काय बिघडले, असे आपले काही सहकारी म्हणतील. बिघडते ते नव्या नियुक्तिपत्रामुळे, आणि माझ्या मते संपूर्ण मसुद्यात हीच अट सर्वांत घातक आहे. कायम रिक्त पदावर रीतसर नेमलेला शिक्षक परिवीक्षेचा काळ पुरा झाला की कायद्याने कायम झाला असे मानले जाते; त्यासाठी संस्थेने वेगळे पत्र दिलेच पाहिजे असे नाही. आपण १४ वर्षांनंतर आजच्या तारखेचे नियुक्तिपत्र हातात घेतले, तर उद्या वाद उभा राहिल्यावर जुनी सेवा स्वेच्छेने संपवली आणि ही नवी, तीन वर्षांपुरती नेमणूक पत्करली, असा युक्तिवाद करायला कागद तयार असेल. ग्रॅच्युइटीवरही त्याची छाया पडेल. शिक्षकांना ग्रॅच्युइटी कायद्यात आणणारी २००९ ची दुरुस्ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू मानली गेली आणि ती सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये वैध ठरवली. त्यामुळे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये असतील, तर १५ दिवसांच्या वेतनाचे १५,००० रुपये गुणिले १४ वर्षे, म्हणजे २,१०,००० रुपये आज आपल्या नावावर उभे आहेत. एका सहीत ही वर्षे वादग्रस्त करून घेऊ नका. संस्थेला कागद हवाच असेल, तर मूळ नेमणुकीची तारीख, सेवेतील सातत्य आणि कायमपणा नमूद केलेले पुरवणीपत्र मागा.

थकबाकीबद्दल एक गोष्ट लक्षात घ्यावी. वेतनाच्या दाव्यात न्यायालये सहसा दाद मागितल्याच्या तारखेपूर्वीच्या तीन वर्षांपलीकडची रक्कम देत नाहीत, त्यामुळे नुसते थांबून राहिलात तरी दर महिन्याला एक महिन्याचे पैसे मागच्या टोकाने गळत जातात. शिक्षणाधिकाऱ्यांकडचा अर्ज मागे घेऊ नका, पण अर्ज दिला म्हणजे मुदत थांबली अशा समजुतीतही राहू नका. त्या अर्जावर निर्णय होत नसेल, तर रिट याचिकेसाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच बसते.

रोखीने परत घेतल्या जाणाऱ्या रकमेबद्दल मी मुद्दाम सौम्य भाषा वापरत नाही: ही फसवणूक आहे आणि तिच्याबद्दल वाटाघाट होऊ शकत नाही. कागदावर पूर्ण वेतन दिसते, प्राप्तिकराचा हिशेब त्या पूर्ण रकमेवर होतो आणि प्रत्यक्षात हाती येते ते कमी. प्रत्येकाने किती तारखेला, कोणाच्या हाती, किती रक्कम दिली याची नोंद ठेवावी आणि बँकेतून ती रक्कम काढल्याचा उतारा जपावा. बैठकीत हा विषय ‘मागणी’ म्हणून मांडू नये, कारण मागणी केली की समोरचा निम्म्यावर तडजोड सुचवतो. ही वसुली अमुक महिन्यापासून बंद होत आहे, एवढे लेखी घ्यावे आणि मगच पुढच्या मुद्द्याकडे वळावे.

आता आपल्या ताकदीचा अंदाज. संघटना करण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(ग) ने दिलेला आहे. मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये सुंदरांबळ विरुद्ध गोवा, दमण व दीव सरकार या खटल्यात शिक्षक हे औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ नाहीत असा निर्णय दिला, आणि त्या कायद्याच्या जागी आलेल्या संहितेतही व्याख्येची भाषा शारीरिक, कुशल, तांत्रिक, कारकुनी, देखरेखीचे काम अशीच आहे. गिरणीतल्या किंवा कारखान्यातल्या युनियनला जसा समेट अधिकारी, मान्यताप्राप्त संघटनेचा दर्जा आणि बंधनकारक वेतनकरार मिळतो, तसा तो आपल्याला मिळत नाही. म्हणून संपाची भाषा जपून वापरावी. पगारकपात होईल ती आपली, आणि दहावीच्या वर्गाचे नुकसान झाले की पालकही दुरावतील. बडतर्फीपासून मात्र आपल्याला चांगले संरक्षण आहे. नियमांप्रमाणे चौकशी समितीत व्यवस्थापनाचा एक, शिक्षकाने सुचवलेला एक आणि राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतील एक असे तीन सदस्य असावे लागतात, आणि सेवा संपवल्यास ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. हे न्यायाधिकरण बडतर्फी, पदावनती आणि पदोन्नतीत डावलणे यांसाठी आहे. वेतनश्रेणीची तक्रार घेऊन तिथे गेल्यास वेळ वाया जातो.

पदरात पाडून घ्या म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना मी दोष देणार नाही. घराचे हप्ते हक्कांवर भरता येत नाहीत. त्यांच्यासाठी मार्ग असा, की १,५०० रुपयांची वाढ जरूर घ्यावी, पण ‘वेतनश्रेणी व थकबाकीच्या हक्काला बाधा न येता’ हे शब्द करारात घालूनच. हे शब्द घालायला संस्था नकार देईल, तेव्हा तिला या कराराने नेमके काय विकत घ्यायचे होते हे त्या निम्म्या जणांनाही कळेल. सही संघटनेच्या सभेत ठराव करून नेमलेल्या तिघांनीच करावी आणि एकेकट्याला कार्यालयात बोलावून घेतलेल्या सह्यांना संघटना मान्यता देणार नाही, असे पत्र आधीच देऊन ठेवावे.

प्रश्न : मी एका शाळेच्या विश्वस्त मंडळावर आहे. आमचे ३० शिक्षक आणि ९०० विद्यार्थी आहेत. शिक्षक श्रेणी मागतात, पालक शुल्कवाढीला विरोध करतात, आणि आता शिक्षक संघटना संस्थेचा हिशेबही मागते आहे. विश्वस्तांनी हिशेब दाखवावा का?
— एक विश्वस्त, कोल्हापूर

उत्तर : दाखवावा, आणि संघटनेने मागण्याआधी दाखवावा. सार्वजनिक न्यासाचे लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय कार्यालयात दाखल करावेच लागतात, तेव्हा ते लपवून आपण फक्त संशय मिळवता.

आपली खरी अडचण वेळापत्रकाची असावी असे मला वाटते. शुल्क विनियमन अधिनियम, २०११ प्रमाणे पुढील शैक्षणिक वर्षाच्या शुल्काचा प्रस्ताव वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो. शाळा जूनमध्ये भरते, म्हणजे प्रस्ताव डिसेंबरच्या आधी तयार हवा. बहुतेक संस्था शिक्षकांशी बोलायला बसतात ते मार्च-एप्रिलमध्ये, शुल्क ठरून गेल्यावर, आणि मग तिजोरी रिकामी असल्याचे खरोखरच प्रामाणिकपणे सांगतात. शिक्षकांशी बोलणी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी संपवा आणि त्यातून निघालेला आकडा शुल्काच्या प्रस्तावात उघडपणे लिहा. उदाहरणार्थ, ३० शिक्षकांना महिना ४,००० रुपये वाढ म्हणजे वर्षाला १४,४०,००० रुपये. ९०० विद्यार्थ्यांवर ते प्रत्येकी १,६०० रुपये, महिन्याला साधारण १३३ रुपये पडतात. ‘खर्च वाढला’ या मोघम वाक्यापेक्षा हा आकडा पालकांना पटण्याची शक्यता अधिक. पूर्ण श्रेणीसाठी रक्कम याच्या कितीतरी पट होऊ शकेल आणि भविष्य निर्वाह निधीचा वाटा वेगळा, हेही त्यांच्यापासून लपवू नका.

एका वर्षात ते झेपणार नसेल, तर टप्पे शिक्षकांकडून सह्या घेऊन ठरवू नका. वरच्या उत्तरातील १९७७ च्या कायद्याच्या कलम ४(३) मध्येच शिक्षण संचालकांना मुदत देण्याचा आणि ती वाढवण्याचा अधिकार आहे. शिक्षक संघटनेसह संयुक्त अर्ज करून, लेखापरीक्षित हिशेब जोडून ती मुदत मागा. करारावरील वाद पुढे दहा वर्षे वकिलांना पोसण्यापेक्षा हे स्वस्त पडते. प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करताना शाहू महाराजांनी १९१७ मध्ये त्यासाठीचा पैसा संस्थानच्या तिजोरीतून बाजूला काढला होता. शिक्षकांच्या त्यागावर शाळा चालवण्याची कल्पना या शहरात तरी कोणी त्यांच्या नावावर खपवू नये.

प्रश्न : आमची शाळा अनुदानित आहे. आम्हीही संस्थेशी असा करार करावा का?
— एक सहशिक्षक, कागल

उत्तर : पगारासाठी नको, कारण तो शासन देते आणि ते भांडण शासनाशीच आहे. शिक्षण सेवकांचे मानधन २०२३ मध्ये प्राथमिकला ६,००० वरून १६,००० आणि माध्यमिकला ८,००० वरून १८,००० झाले ते शासनाच्या निर्णयाने. त्याच वर्षी जुन्या निवृत्तिवेतनासाठी मार्चमध्ये झालेला संपही शासनाविरुद्ध होता. संस्थेशी लेखी ठरवण्यासारखे उरते ते कामाचे वाटप. पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत आठवड्याला किमान ४५ तास धरले आहेत आणि पाठाच्या तयारीचा वेळ त्यातच येतो. गैरहजर सहकाऱ्याचे तास, संस्थेच्या कार्यक्रमांची कामे आणि सुट्टीच्या दिवसाची बोलावणी या ४५ तासांत कशी बसवायची, हे वेळापत्रक लागण्यापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, मुख्याध्यापकांच्या सहीने लिहून घ्या.