जर्मनीत कामावर लागलं तर कोणत्या डॉक्टरकडे जायचं?

तू विचारलंयस, "ताई, तिकडे कामावर काही लागलं तर कंपनी सांगेल त्याच डॉक्टरकडे जावं लागतं का? आणि बिल कोण भरतं?" व्हिसा, पगार, खोलीचं भाडं हे सगळेच विचारतात. २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यांत कुशल कामगारांसाठी करार झाला, तेव्हापासून गावाकडून येणारे फोन वाढलेत, पण अपघाताचं विचारणारा तू पहिलाच. तू इलेक्ट्रिशियन, तुझं सगळं काम शिडीवर. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी उत्तर. डॉक्टर निवडायचा तो तूच, कंपनीने नाही. फक्त तो 'डे-आर्त्स्ट' असायला हवा. पूर्ण नाव डुर्खगांग्सआर्त्स्ट. हा सर्जन किंवा हाडांचा डॉक्टर असतो आणि अपघात विमा संस्थांनी त्याला कामावरच्या अपघातांसाठी खास मान्यता दिलेली असते. शहरात असे बरेच असतात, मोठ्या हॉस्पिटलांच्या इमर्जन्सीतही असतात. त्यांतला कुठला, हे तू ठरवायचं. साहेब म्हणाला "आमच्या ओळखीच्याकडे जा", तर जायलाच हवं असं काही नाही.

नियम असा: अपघाताच्या दिवसानंतरही कामावर जाता येणार नसेल, किंवा उपचार आठवड्यापेक्षा जास्त चालतील असं दिसत असेल, तर डे-आर्त्स्टकडे जायलाच हवं. बोट जरासं कापलं, पट्टी लावून काम सुरू, एवढ्यासाठी नाही. फक्त डोळ्याला किंवा कानाला लागलं असेल तर थेट त्या त्या तज्ज्ञाकडे जायचं. आणि अपघात गंभीर असेल तर निवडीचा प्रश्नच उरत नाही, ११२ ला फोन करायचा, ॲम्ब्युलन्स योग्य हॉस्पिटलात नेते.

आता माझ्या बाबतीत काय झालं ते सांगते, कारण मी नर्स असूनही चुकले.

मी इथे एका वृद्धाश्रमात काम करते. दुसऱ्याच वर्षी, रात्रपाळीला, एका आजींना बाथरूममधल्या खुर्चीवरून उठवताना ओल्या फरशीवर पाय सटकला. आजींना सावरलं, पण मी उजव्या तळहातावर पडले. अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागला. क्रेप बँडेज गुंडाळलं आणि पाळी पूर्ण केली. पाळीची इन्चार्ज म्हणाली, "उद्या तुझ्या फॅमिली डॉक्टरकडे जा, दोन दिवस आराम कर, कागदपत्रांत कशाला पडतेस." मला ते आपुलकीचं वाटलं. दुसऱ्या दिवशी गेले, काउंटरवर नेहमीचं आरोग्य विम्याचं कार्ड ठेवलं आणि म्हटलं, "पडले." कुठे पडले ते मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. मलम आणि तीन दिवसांची रजेची चिठ्ठी मिळाली.

दोन आठवड्यांनी कुलपात किल्ली फिरवता येईना. एका मैत्रिणीने हाताला धरून डे-आर्त्स्टकडे नेलं. त्या डॉक्टरने अंगठा ताणून त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो तिथे बोटाने दाबलं आणि माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. सीटी स्कॅनमध्ये मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलेलं निघालं. हे हाड सुरुवातीच्या साध्या एक्स-रेत निसटू शकतं, आणि माझा तर एक्स-रेसुद्धा काढलेला नव्हता. स्क्रू बसवावा लागला.

दुखण्यापेक्षा जास्त त्रास पुढे झाला. विमा संस्थेने विचारलं, हे कामावरच झालं याला पुरावा काय? प्रत्येक कामाच्या ठिकाणी किरकोळ जखमांची नोंद ठेवतात, तिला फरबांडबूख म्हणतात. त्यात माझी ओळही नव्हती. शेवटी कामी आली ती त्या रात्रीची आजींच्या फाइलमधली नोंद. सहकारी मुलीने त्यात लिहिलं होतं की नर्स बाथरूममध्ये पडल्यामुळे आजींना झोपवायला उशीर झाला. त्या एका वाक्यावर माझं प्रकरण मंजूर झालं, तेही चार महिन्यांनी.

म्हणून तुला कळकळीने सांगते, काउंटरवर पहिलं वाक्य हेच म्हणायचं: "इश हाट्टे आइनेन आर्बाइट्सउनफाल." मला कामावर अपघात झाला. हा एक शब्द बोललास की बिल तुझ्या आरोग्य विम्याकडे न जाता 'बेगे'कडे जातं. बेगे म्हणजे बेरूफ्सगेनॉसेनशाफ्ट, प्रत्येक धंद्याची अपघात विमा संस्था. इलेक्ट्रिकल कंपन्या बहुतेक बेगे एटेममध्ये असतात, आमची बेगेवे. हप्ता पूर्ण मालक भरतो, तुझ्या पगारातून एक सेंटही कापला जात नाही. ही व्यवस्था बिस्मार्कच्या काळातल्या १८८४ च्या कायद्यापासूनची आहे. मालकाने हप्ता भरायचा, आणि त्याने मुद्दाम इजा केली नसेल तर कामगाराने त्याच्यावर दावा लावायचा नाही, असा हा सौदा. तेव्हा डे-आर्त्स्टकडे गेलास म्हणून साहेबाशी वाकडं घेतलंस असं होत नाही. आपल्याकडची मुलं याच भीतीने गप्प बसतात.

फरक खिशालाही कळतो. एरवी औषधाच्या चिठ्ठीवर पाच ते दहा युरो आपल्याला भरावे लागतात, अपघाताच्या चिठ्ठीवर काही नाही. चिठ्ठीवर कामाच्या अपघाताची चौकट असते, तिथे खूण आहे ना ते मेडिकलमध्ये जाण्याआधी बघ. फिजिओथेरपीचंही तसंच. पहिले सहा आठवडे पूर्ण पगार मालक देतो, त्यानंतर बेगेकडून फरलेट्स्टेनगेल्ड मिळतं, एकूण पगाराच्या ८० टक्के, पण हातात येणाऱ्या पगारापेक्षा जास्त नाही. नोकरीला चार आठवडे झाले नसतील तर मालकावर ते सहा आठवडे बंधनकारक नाहीत, तेव्हा फरलेट्स्टेनगेल्ड पहिल्यापासूनच मागायचं. हे नव्याने आलेल्यांना कोणी सांगत नाही.

डे-आर्त्स्ट अपघाताचा अहवाल बेगेला पाठवतो. किती वाजता, कुठे, काय करत असताना, कसं झालं, हे तो तुला विचारून लिहितो. तुझी भाषा अजून कच्ची असेल, म्हणून जाण्याआधी मराठीत चार ओळी लिही आणि कोणाकडून तरी जर्मन करून घे. "हात दुखतो" असं मोघम सांगू नकोस. "सकाळी नऊला, दुसऱ्या मजल्यावर, शिडीची खालची पायरी चुकली" असं सांग. अहवालाची प्रत माग. तीन दिवसांपेक्षा जास्त कामावर जाता आलं नाही तर मालकानेही बेगेला कळवायचं असतं, त्याचीही प्रत तुला मागता येते. त्याने कळवलं नाही तर तू स्वतः कळव.

तुझ्या कामासाठी एक वेगळं सांगते. शॉक बसला आणि काही झालं नाही असं वाटलं, तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन ईसीजी काढून घे. छातीची धडधड नंतरही बिघडू शकते. वायर सोडून उभा राहिलास म्हणून सुटलास असं समजू नकोस.

पुढे कायमचं अपंगत्व किती हे ठरवायची वेळ आली, तर बेगेने तपासणीसाठी एकाहून जास्त तज्ज्ञांची नावं तुझ्यापुढे ठेवायची असतात. तिथेही निवड तुझी. निर्णय पटला नाही तर एका महिन्यात लेखी हरकत घेता येते.

घरून कामावर जाता-येतानाचा अपघातही यात धरला जातो, पण सरळ वाटेवरचा. वाटेत भाजी घ्यायला वळलास तर त्या वळणावरचा नाही.

हाइलब्रॉनला पोचलास की पत्ता कळव. साइटच्या जवळचे दोन डे-आर्त्स्ट आपण मिळून शोधू. त्यांचे पत्ते आणि ते जर्मन वाक्य एका कागदावर लिहून पाकिटात ठेव, फोनमध्ये नको. पडल्यावर फोनही फुटलेला असू शकतो.