खर्जातला गंधार

प्रश्न : तानपुरा लावून ध्यानाला बसतो, पण पाच मिनिटांत डुलकी लागते. काय चुकतं?

उत्तर : कानाला काम नसतं, म्हणून. आवाज इतका कमी ठेवा की मुद्दाम कान द्यावा लागेल. डोळे अर्धे उघडे. मोबाइलच्या स्पीकरवर खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, हरवतो; हेडफोन लावा. आता चौथी, खर्जाची तार छेडली की तिच्यातून वर येणारा गंधार, म्हणजे ‘ग’ हा स्वर, शोधा. तो कुणी वाजवलेला नसतो, तरी स्पष्ट ऐकू येतो. फार सुंदर क्षण असतो तो! खरा तानपुरा असून गंधार उमटत नसेल, तर जवारीचा दोरा, म्हणजे घोडीवर तारेखाली घातलेला दोरा, केसभर सरकवा. गंधार विरला की लगेच पुढच्याची वाट पाहू नका. स्वर गेला, ऐकणं तसंच आहे, हे तिथेच लक्षात येतं. वेदान्तातला साक्षी, म्हणजे येणंजाणं नुसतं पाहणारा, तपासायचा तो इथे. सुरुवातीला दहा मिनिटं पुरेत.