सातबारा माझा, मग विहीर का नको? गॅस पाइपलाइनची नोटीस आलेल्या वाचकाला उत्तर

पेण तालुक्यातून एका दादांनी लिहिलंय. दोन वर्षांपूर्वी एक एकर जमीन घेतली, फार्महाऊससाठी सहा कॉलम उभे केले, बाजूला विहीर खणायला घेतली, बांधाकडे तीस हापूसची कलमं लावली. गेल्या महिन्यात गॅस कंपनीचा माणूस येऊन नोटीस चिकटवून गेला. त्यात ‘आरओयू’, ‘कलम 9’, ‘सक्षम प्राधिकारी’, ‘क्लास लोकेशन’, ‘टीफोरएस’ असे शब्द आहेत आणि खाली ‘अतिक्रमण 15 दिवसांत काढा’. दादा विचारतात, मॅडम सातबारा माझ्या नावावर, पैसे मी भरले, मग अतिक्रमण माझंच कसं? उद्या जेसीबी आणून पाडलं तर? आणि भरपाईचं काय?

दादा, पहिलं सांगते, जमीन तुमचीच आहे. कुणी काढून घेतलेली नाही, घेणारही नाही. पण त्यातल्या एका पट्ट्यात काय करायचं हे तुमच्या हातात राहिलेलं नाही, आणि ते तुम्ही विकत घ्यायच्या कितीतरी आधी ठरलंय.

आरओयू म्हणजे राइट ऑफ यूजर, आपल्याकडे वापर हक्क म्हणतात. 1962 चा एक केंद्रीय कायदा आहे, पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइनसाठी, त्यात सरकार जमीन संपादन करत नाही, फक्त त्या पट्ट्यात जमिनीखालून पाइप न्यायचा हक्क घेतं. आधी कलम 3(1) ची अधिसूचना निघते, ज्यांच्या जमिनीतून पाइप जाणार त्यांना हरकत घ्यायला 21 दिवस मिळतात, मग कलम 6 चं जाहीर प्रकटन निघतं आणि हक्क सरकारकडे, तिथून कंपनीकडे जातो. हे सगळं बघणारा अधिकारी म्हणजे तुमच्या नोटिशीतला सक्षम प्राधिकारी. तो कंपनीचा साहेब नसतो, केंद्र सरकारने राजपत्रात नाव काढून नेमलेला असतो, त्यामुळे त्याचं पत्र आलं की ते कंपनीचं पत्र समजून बाजूला टाकू नका.

आता कलम 9, खरं दुखणं इथंच आहे. कलम 6 नंतर त्या पट्ट्यात मालकाने बांधकाम करायचं नाही, विहीर, तळं, बंधारा करायचा नाही आणि झाड लावायचं नाही. तीनही गोष्टी नेमक्या तुम्ही केल्यात! भात लावा, वाल लावा, भाजी करा, आधी जी शेती होत होती ती चालू ठेवा, त्याला कुणी अडवू शकत नाही. आणि मालक बदलला म्हणून बंधन सुटत नाही, ते जमिनीबरोबर येतं. जमीन घेताना एजंटने तुम्हाला ‘कंपनीने फक्त वापर घेतलाय, जागा आपलीच’ असं सांगितलं ते अर्धं खरं होतं, उरलेलं अर्धं त्याने गिळलं.

जेसीबीचं म्हणाल तर तेवढं घाबरू नका. कंपनीला स्वतःहून येऊन पाडायचा अधिकार नाहीये. कलम 9 च्या पोटकलम 3 प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याला जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करावा लागतो, चौकशी होते, तुम्हाला म्हणणं मांडता येतं, आणि मग कोर्ट बांधकाम काढायला किंवा विहीर बुजवायला सांगू शकतं. पण तो खर्च तुमच्याकडून कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा वसूल होतो, म्हणून ‘बघू कोर्टात’ म्हणून छाती काढायच्या आधी आपलं बांधकाम खरंच पट्ट्यात आहे का ते बघा.

आणि इथे नव्वद टक्के लोक चुकतात. शेतात पाइपची खूण म्हणून तो पिवळा मार्कर असतो ना, त्याच्यापासून टेप लावून ‘माझा कॉलम पाच मीटर लांब आहे’ असं सांगतात. मार्कर म्हणजे पट्ट्याची हद्द नव्हे, आणि पाइप पट्ट्याच्या मधोमध असतोच असंही नाही, टाकताना मशिनरी फिरायला एका बाजूला जास्त जागा सोडतात. पट्टा किती रुंद आणि गटात नेमका कुठे, हे अधिसूचनेच्या परिशिष्टात गट नंबर आणि क्षेत्रासकट असतं. तर कलम 3(1) आणि कलम 6 दोन्ही राजपत्रांच्या प्रती लेखी मागा, तारखा जुळवा (3(1) नंतर वर्षाच्या आत कलम 6 आलं नसेल तर ती अधिसूचना गळून पडते, क्वचित होतं पण बघायला काय जातं), सातबाऱ्याच्या इतर हक्कात काय लिहिलंय ते आणि त्याचा फेरफार काढा, आणि भूमी अभिलेखकडून संयुक्त मोजणी मागा, कंपनीचा माणूस हजर ठेवून. तोपर्यंत काम बंद. एक पाटी सिमेंट सुद्धा नको, कारण नोटीस मिळाल्यावर पुढे काम केलंत तर ते मुद्दाम केलं ठरतं आणि मग कायद्यातलं शिक्षेचं कलम येतं.

क्लास लोकेशन वाचून तुम्ही जास्त घाबरलात असं वाटतं. तो शब्द तुमच्यासाठी नाहीच मुळात. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाचे 2009 चे तांत्रिक आणि सुरक्षा नियम आहेत, त्यालाच टीफोरएस म्हणतात. पाइपच्या दोन्ही बाजूला दोनशे-दोनशे मीटर आणि लांबीला 1.6 किलोमीटर असा तुकडा धरून त्यात राहती घरं किती ते मोजतात, दहाच्या आत तर क्लास 1, त्यापुढे 46 च्या आत क्लास 2, त्याच्या वर क्लास 3, उंच इमारतींची दाटी असेल तर क्लास 4. वस्ती वाढली की पाइप जास्त जाड हवा किंवा दाब कमी हवा. हे कंपनीने सांभाळायचं. पट्ट्याच्या बाहेर तुम्ही घर बांधलंत तर क्लास वाढेल, म्हणून बांधू नका, असं त्या नियमाने तुम्हाला कुणी सांगू शकत नाही. बांधकाम परवानगी मात्र रीतसर घ्या, ती पट्ट्याबाहेरही लागतेच.

विहिरीबद्दल मी कडक बोलणार आहे. कायद्याप्रमाणे पाइप जमिनीखाली निदान एक मीटर असतो, म्हणजे माणसाच्या कमरेएवढा. जेसीबीचा दात नुसता घासला तरी वरचं कोटिंग निघतं, तिथून गंज धरतो आणि फुटायचं ते कधीतरी नंतर फुटतं. वासाने कळेल म्हणाल तर घरच्या गॅसला जो वास असतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, सहसा शहराच्या गेट स्टेशनवर (मोठ्या लाइनमधून शहराच्या लाइनमध्ये गॅस घेतात ते ठिकाण), मोठ्या लाइनमधल्या गॅसला तो असेलच असं नाही. आंध्रात तेव्हाच्या पूर्व गोदावरी जिल्ह्यातल्या नगरमला 27 जून 2014 ला पहाटे पाइपलाइन फुटून वीसच्या वर माणसं गेली, तिथे गंजाचंच कारण पुढे आलं. शिवाय पाइपला मुद्दाम नुकसान केल्याचा गुन्हा लागला तर सक्तमजुरी 3 वर्षांपासून 10 वर्षांपर्यंत आहे. पट्ट्यात येत असेल तर विहीर विसरा.

पैशाचं विचारलंत. वापर हक्काची भरपाई बाजारभावाच्या 10 टक्के, तीही 3(1) च्या दिवशीच्या भावाने, आणि ती तेव्हाच्या मालकाने घेतली असणार. दहा टक्के कमी आहेत हे मलाही वाटतं, पण सुप्रीम कोर्टाने 2016 ला गुजरातच्या केसमध्ये हे वैध धरलंय. तुम्हाला मिळू शकते ती पुढची भरपाई, दुरुस्तीला आले आणि तुमचं उभं पीक तुडवलं तर ती तुमची, नाही पटली तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येतं. विकणाऱ्यावर दावा करायचा तर एकच अडचण, सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद आधीपासून असेल तर तो म्हणणार कागद तर समोर होता, वाचला का नाही. नोंद नसेल तर मात्र तुमची बाजू बरीच तगडी होते, खरेदीखताची प्रत मला पाठवा.

नोटिशीला उत्तर 15 दिवसांच्या आत द्या, स्पीड पोस्टाने, पोच जपून ठेवा. त्यात काम थांबवलंय, राजपत्राच्या प्रती आणि संयुक्त मोजणी हवी, एवढंच लिहा. अतिक्रमण केल्याचं मान्य वगैरे शब्द त्यात नकोत.

हापूसची कलमं दोन पावसाळ्यांचीच आहेत ना? मग कापू नका. माझ्या सासऱ्यांनी तीन वर्षांची हलवली होती, पावसाळा लागला की पहिल्या पंधरवड्यात, मुळाशी मातीची पिंडी धरून, फावड्याने आणि हाताने. कंपनीच्या माणसाला आधी कळवा आणि त्याच्यासमोरच काढा.