रविवारी उसाच्या फडावर जा

प्रिय लेकी,

निवासी प्रशिक्षण कार्यक्रमासाठी तुझी निवड झाल्याचं कळलं तेव्हा मी तुझ्या आईइतकीच हरखले. आता वर्षभर पुण्यात राहायचं, शिकायचं आणि मग आपल्या तालुक्यात परतून काम उभं करायचं. चार दिवस झाले नाहीत तोवर तू फोनवर विचारलंस, "इथं मन कुठं लावू?" ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र.

वर्गातलं तुला जमेल, त्याची मला काळजी नाही. यशदा या शासनाच्या प्रशिक्षण संस्थेत नेतील, साखर आयुक्तालय दाखवतील, कायदे समजावतील. ते सगळं मन लावून घे. मला सांगायचंय ते खोलीबद्दल आणि रविवारबद्दल.

तुझ्या खोलीत सांगलीकडची बागायतदाराची मुलगी आहे म्हणालीस, आणि तिच्याशी बोलताना तुला अवघडल्यासारखं होतं. होणारच. आपल्याकडची माणसं तिच्यासारख्यांच्या रानातला ऊस तोडतात. पण निवासी कार्यक्रमाचा खरा उपयोग मला इथंच दिसतो. तिच्या घरी ऊसतोड मजुरांची टोळी येते तेव्हा काय होतं, ते तिला विचार. ती सांगेल, मजूर आणणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन पळाला की वडिलांची झोप कशी उडते, तोड लांबली की उसाचं वजन कसं घटतं, ठरल्यापेक्षा वर "खुशाली" म्हणून किती द्यावे लागतात. वाद न घालता ऐक. मग तू तिला सांग, नवरा-बायकोची जोडी मजुरीच्या हिशोबात एकच कोयता म्हणून मोजतात म्हणजे काय, आणि उचल फिटली नाही की पुढच्या सालीही त्याच मुकादमाकडं का जावं लागतं. 2019 मध्ये आपल्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी शासनाला करावी लागली, तेही सांग. काम बुडालं की खाडा, म्हणजे दंड, म्हणून दुखणं अंगावर काढणाऱ्या बायका तू पाहिल्यास, तिनं नाहीत. जेवणाची ताटं धुताना हे बोलणं जितकं खरं होतं तितकं चर्चासत्रात होत नाही.

आता माझी चूक सांगते. मीही अशाच एका कार्यक्रमात होते. जानेवारीत सुट्टी काढून गावी गेले, 26 तारखेच्या ग्रामसभेत बोलायचं ठरवून. गावात हंगामी वसतिगृह सुरू व्हावं, म्हणजे आईबापांमागं पोरांची शाळा सुटणार नाही, असा ठराव हवा होता. मारुतीच्या देवळापुढं मी वीस मिनिटं बोलले. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. मग पंचायतीचा शिपाई जवळ आला आणि हळूच म्हणाला, "ताई, सह्या एक्केचाळीसच झाल्यात." गणपूर्तीला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यांतले जे कमी असतील तेवढे लोक लागतात. आमच्या गावाला शंभर हवे होते. सभा तहकूब झाली. सकाळी त्याच गल्लीतून येताना दाराला लावलेली कुलपं मी पाहिली होती. एक, दोन, सलग सात घरं. पाहिली आणि पुढं गेले.

ज्यांच्यासाठी ठराव, ती माणसं दसरा-दिवाळीला गाव सोडून गेलेली. आणि गेलेली कुठं? माझी सख्खी चुलती तेव्हा दौंड तालुक्यात होती, माझ्या खोलीपासून दोन तासांवर. मी पुण्यात बसून स्थलांतरावर टिपणं काढत होते आणि तिच्याकडं एकदाही गेले नव्हते.

परतल्यावर गेले. पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याच्या, कोपीत (झोपडीत) ती पहाटे चारलाच उठलेली. थंडीत फडावर गेलो. ती उसाची मोळी बांधायची, डोक्यावर चुंबळ ठेवून मोळी उचलायची आणि फळीवरून तोल सावरत गाडीवर चढायची. मी दोन मोळ्या बांधल्या, तेवढ्यातच हात पाचटानं कापले. दुपारी भाकरी खाताना मी ग्रामसभेची हकीकत सांगितली. ती म्हणाली, "मतदानाला गाडी करून नेत्यात की. ग्रामसभेला कोण नेतंय?"

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. गाव विकास आराखड्याचं काम 2 ऑक्टोबरच्या पुढं रंगतं, म्हणजे नेमकी कोयता उचलायची वेळ. म्हणून त्यांचे विषय 1 मे आणि 15 ऑगस्टच्या सभेत धसाला लावायचे, माणसं घरी असताना. आमचा वसतिगृहाचा ठराव शेवटी मे महिन्यातच झाला. बायकांची सभा आधी घेतली, म्हणून तिथं चुलती बोलली.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1905 मध्ये इथं पुण्यात सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी काढली तेव्हा नव्या सदस्याला पाच वर्षांचं शिक्षण ठेवलं होतं. त्यातली तीन वर्षं मुख्यालयात आणि दोन देशात हिंडण्यात. त्यांची ती वास्तू एकदा पाहून ये. तुझ्याकडं एकच वर्ष आहे, तेव्हा हिंडणं रविवारीच बसवावं लागेल.

आपला तालुका आत्ता निम्मा इकडंच आहे, दौंड, इंदापूर, बारामतीच्या फडांवर. गावात फोन करून तुमच्या वाडीच्या टोळ्या कुठं उतरल्यात ते विचार. दौंडकडं जाणारी सकाळची गाडी पकड. पहिल्या खेपेला वही काढू नकोस, फोटो तर मुळीच नको. पोरं किती आलीत, त्यांतली शाळेच्या वयाची किती, पाणी कुठून भरतात, एवढं डोळ्यांनी बघ. नावं लक्षात ठेव. आणि मेमध्ये त्या प्रत्येकीच्या दारात जा.

शक्य झालं तर त्या सांगलीच्या मुलीलाही सोबत ने. येते म्हणाली तर शनिवारी संध्याकाळी दोघी माझ्याकडं या. शेंगदाण्याची चटणी आणि तिळाचे लाडू बांधून ठेवते, कोपीवर रिकाम्या हातानं जायचं नसतं.

तुझी,
मावशी