वाणी, महापौर आणि पुठ्ठ्याचा आडोसा

प्रश्न : मुलीकडे मेलबर्नला गेलो होतो. तिथे फार पूर्वी बाहेरून आलेला एक किराणा दुकानदार महापौर झाला होता, असं कुणीतरी म्हणालं. माझी हयात किराणा दुकानातच गेली, म्हणून विचारतो. खरं आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अगदी खरं. विल्यम निकोल्सन त्याचं नाव. उत्तर इंग्लंडमधल्या कंबरलंडचा, बाप पिठाच्या गिरणीवाला. १८४२ साली हा मेलबर्नला आला, तेव्हा तिथल्या मूळ रहिवासी वुरुंजेरी लोकांच्या जमिनीवर ते गाव वसून जेमतेम सात वर्षं झाली होती. दुकान टाकलं, ते चाललं. १८४८ मध्ये नगरसेवक, १८५० मध्ये महापौर. त्याच्याच कारकिर्दीत व्हिक्टोरिया, म्हणजे मेलबर्न ज्यात येतं तो मुलूख, ही वेगळी ब्रिटिश वसाहत झाली आणि लगोलग सोनं सापडलं.

पण मला त्याचं नंतरचं काम मोठं वाटतं. मी बत्तीस वर्षं मास्तरकी केली, निवडणुकीची ड्यूटी कधी चुकली नाही. केंद्रावर गेलं की पहिल्यांदा पुठ्ठ्याचा आडोसा टेबलावर उभा करायचा आणि मागे खिडकी नाही ना, ते बघायचं. एकदा नेमकी होती. शाळेचीच सतरंजी खिळे ठोकून लावली. त्या आडोशाचं मूळ शोधत गेलं की निकोल्सन भेटतो.

त्याआधी मत उघड असायचं. कुणी कुणाला दिलं ते मालकाला, सावकाराला, साऱ्या गावाला ठाऊक. डिसेंबर १८५५ मध्ये निकोल्सनने व्हिक्टोरियाच्या विधान परिषदेत गुप्त मतदानाचा ठराव मांडला आणि सरकारचा विरोध असताना मंजूर करून घेतला. मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. नवं मंत्रिमंडळ बनवायला याला बोलावणं आलं, पण माणसं काही जुळली नाहीत. कायद्याची कलमं लिहिली ती हेन्री चॅपमन या वकिलाने, तेव्हा सगळं श्रेय आपल्या वाण्याला देऊ नका! मार्च १८५६ मध्ये कायदा झाला. सरकारने छापलेली मतपत्रिका घ्यायची, आडोशाला जायचं, नको त्या उमेदवारांची नावं खोडायची, घडी घालून पेटीत टाकायची. मत अर्थात पुरुषांनाच. खुद्द इंग्लंडला हे पटायला १८७२ उजाडलं. निकोल्सन मधल्या काळात, १८५९-६० मध्ये, वर्षभर व्हिक्टोरियाचा पंतप्रधानही, म्हणजे त्या वसाहतीच्या सरकारचा प्रमुख, होऊन गेला.

आता माझाच एक प्रश्न. महिनाअखेरीला उधारी फेडणारं गिऱ्हाईक समोर उभं असताना, आपण कुणाला मत दिलं हे तुम्ही कधी गल्ल्यावर बसून सांगितलंत का हो?