थंडीत आईचे गुडघे आखडतात. कोणतं तेल लावावं? गावात एक जण पुड्या देतो, त्या घ्याव्यात का?

तेल कोणतंही लावा. तिळाचं, करडीचं, महानारायण, घरात असेल ते. कोमट करून चोळलं की ऊब मिळते, बरं वाटतं. कातड्यातून झिरपून ते गुडघ्यात वंगण घालत नाही.

मी लिहायला बसलो ते पुड्यांसाठी.

आम्ही परभणीकडचे. 2018 च्या डिसेंबरात इथं पारा 2 अंशांवर उतरला होता, तेव्हाची गोष्ट. माय चुलीपुढं बसली की तिला उठता येईना. अण्णांनी, म्हणजे थोरल्या भावानं, बाजारातून पुड्या आणल्या. वर्तमानपत्राच्या कागदात राखाडी भुकटी, ओव्याचा वास. पाचव्या दिवशी माय शेतातल्या आखाड्यापर्यंत चालत गेली. अण्णा भावकीत सांगत सुटले, "बघा, चालायली का नाही?" मी शंका काढली तर म्हणाले, "चार बुकं काय शिकला, लई शहाणा झाला."

होळीपर्यंत मायचं तोंड गोल गरगरीत. शेजारणी म्हणायच्या, तब्येत सुधारली! बांगडी घासली तरी हातावर काळानिळा डाग पडायचा. डॉक्टरांनी तोंडाकडं बघूनच विचारलं, "पुड्या कुठून आणता?" असल्या पुड्यांत स्टेरॉइड, म्हणजे सूज-दुखणं झटपट दाबणारं औषध, कालवतात म्हणे; तोंड गोल होणं, डाग पडणं त्याचंच. रक्तातली साखरही त्यानं 300 च्या वर गेलेली.

मग कामाला आलं ते हे: खुर्चीत बसून एक पाय सरळ करायचा, दहापर्यंत मोजायचं, खाली घ्यायचा. दोन्ही पाय, दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. चुलीपुढचा पाट गेला, गॅस ओट्यावर आला. जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून मायनं गुडघ्यांत चढवल्या, त्या अजून आहेत. अण्णांचं म्हणणं, तिनं खाटेवरून हलूच नये. हलली म्हणून आज मारुतीच्या पारापर्यंत जाते.

हां, हे सगळं झिजलेल्या गुडघ्यांचं. सकाळचा आखडलेपणा तासभर जात नसेल, बोटांचे सांधे सुजत असतील तर आमवाताची, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या वाताची, तपासणी करा. साखर असेल तर विटेनं शेकू नका, पाय बधिर असला की भाजलेलं कळत नाही. आणि पुड्या आधीच सुरू असतील तर परस्पर एकदम बंद करू नका, ते अंगावर येतं. मायच्या डॉक्टरांनी गोळी देऊन हळूहळू उतरवलं.

अण्णा अजून म्हणतात, "पण पुडीनं उभी तर राहिली होती ना?" हे उत्तर त्यांनाही पाठवतोय.