इनबोर्ड इंजिन स्लोला थंड, रेस दिली की गरम: हेड उघडायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पावसाळी बंदी संपल्यावर हर्णैला ट्रॉलर पाण्यात घातला. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन बंदरात तासभर स्लोला चालतं तेव्हा काटा ८० अंशांवर असतो. बाहेर पडून १६०० आरपीएमला नेलं की वीस मिनिटांत ९८. धूर चिमणीतून जातो, समुद्राचं पाणी बाजूच्या पाइपातून बाहेर पडतं. मेकॅनिक म्हणतो हेड गॅस्केट (सिलिंडरवरचं झाकण म्हणजे हेड, त्याच्याखालचं सील) गेलं.

हेड आत्ता उघडू नका. स्लोला इंजिन फार कमी उष्णता काढतं, त्यामुळे अर्धवट पाण्यावरही भागतं. जास्त रेसला लागणारं पाणी मिळत नसेल, किंवा पाणी मिळूनही कूलर (इंजिनात फिरणारं कूलंट समुद्राच्या पाण्याने थंड करणारा भाग) उष्णता ओढत नसेल, तर नेमकं तुम्ही सांगता तसंच होतं. बोट दोन महिने उभी होती म्हटल्यावर माझा पहिला संशय समुद्राच्या पाण्याच्या लाइनीवर.

गॅस्केटची शंका आधी फिटवून टाका. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना कूलंट टाकीचं झाकण काढा आणि इंजिन चालू करा. सुरुवातीचे चार-दोन बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात. ते थांबले नाहीत आणि रेसबरोबर वाढत गेले तर सिलिंडरचा गॅस कूलंटमध्ये येतोय. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसणं, कूलंट रोज कमी होणं, या इतर खुणा. यातलं काहीच नसेल तर गॅस्केट विसरा. गरम इंजिनाचं झाकण मात्र कुठल्याही कारणाने उघडू नका, उकळतं कूलंट तोंडावर येतं.

आता बादली आणि मोबाइलचं घड्याळ घ्या. पाणी बाहेर टाकणाऱ्या पाइपाखाली २० लिटरची बादली धरा. १००० आरपीएमला ती किती सेकंदांत भरते ते बघा, मग १५०० ला. रबरी इम्पेलरचा (पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकाचा) पंप जवळपास आरपीएमच्या प्रमाणात पाणी फेकतो. १००० ला २० सेकंद लागले तर १५०० ला १३-१४ लागायला हवेत. १८-१९ लागले तर पंपाला पुरेसं पाणी ओढता येत नाहीये, अडथळा पंपाच्या अलीकडे आहे. दोन्हीकडे पाणी प्रमाणात वाढतंय पण मुळातच कमी आहे, तर इम्पेलर किंवा पंप.

अलीकडचा अडथळा म्हणजे बुडातल्या जाळीवर चढलेली कालवं आणि बार्नेकल, स्ट्रेनरमधला (पाण्याच्या गाळणीतला) कचरा, अर्धाच उघडणारा सी-कॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह). या तिघांकडे सगळेच बघतात. सुटतो तो सक्शनचा होज, म्हणजे पंपाकडे पाणी आणणारा रबरी पाइप. जुन्या होजचा आतला थर सुटतो, बाहेरून पाइप ठणठणीत दिसतो. रेस वाढली की ओढीने तो थर आत मिटतो आणि रेस कमी केली की पुन्हा उघडतो. म्हणून इंजिन १५०० वर ठेवून होज हाताने चाचपा, पट्ट्यापासून हात आणि कपडे लांब ठेवून. चपटा लागला तर आतून तार असलेलाच होज बसवा. स्ट्रेनरच्या झाकणाचं रबर कडक झालं असेल तर पंप तिथून हवा ओढतो, पाणी फेसाळ आणि तुटक येतं. होज किंवा स्ट्रेनर उघडण्याआधी सी-कॉक बंद, हे खलाशालाही सांगून ठेवा.

इम्पेलरची पाती दोन महिने एकाच जागी दबून राहिली की तशीच वाकून बसतात. प्रत्येक पातं अंगठ्याने मुडपून मुळाशी चीर आहे का बघा. पाती मोजा. एखादं तुटलेलं असेल तर त्याचा तुकडा कूलरच्या तोंडाशी अडकलेला असतो. तो काढल्याशिवाय नवीन इम्पेलर बसवून उपयोग नाही. बसवताना ग्लिसरिन किंवा पातळ साबण लावा. ग्रीसने रबर फुगतं. पंपाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नख अडकेल इतकी चरी पडली असेल तर झाकण बदला, नाहीतर नवा इम्पेलरही पाणी कमीच देईल.

पाणी भरपूर येतंय आणि तरी काटा चढतोय? मग इन्फ्रारेड थर्मामीटरने कूलरमध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या समुद्राच्या पाण्याचे पाइप मोजा, लोडवर. पाणी खूप तापून बाहेर येत असेल तर ते कमी पडतंय. जेमतेम तापतंय आणि कूलंट मात्र ९८ ला, तर नळ्यांवर क्षार बसलेत. कूलरची दोन्ही झाकणं काढून लाकडी काडी नळ्यांमधून फिरवा. लोखंडी सळईने मऊ नळी फाटते. क्षार कडक असेल तर ९ भाग पाण्यात १ भाग हायड्रोक्लोरिक ॲसिड. ॲसिड पाण्यात ओता, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. हातमोजे घाला, काम उघड्यावर करा, ॲल्युमिनियमचे भाग आधी काढून ठेवा. फेस थांबला की खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि मग गोड्या पाण्याने धुवा. कूलरमधलं झिंक (बाकी धातूऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) निम्म्याहून कमी उरलं असेल तर त्याच वेळी बदला, आणि तुटलेले तुकडे नळ्यांच्या तोंडाशी शोधा.

थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. बऱ्याच इंजिनांत तो पूर्ण उघडला की बायपास बंद होतो. काढला तर कूलंट कूलरला टाळून फिरत राहतं आणि इंजिन आणखी तापतं. शंका असेल तर पातेल्यात पाण्याबरोबर तापवून त्यावर छापलेल्या अंशाला उघडतो का बघा.

बोटीखालचा पंखाही (प्रोपेलर) तपासा. बोट बंदरात नांगरून होती तर त्यावर कालवं चढलेली असतात, जाळ्याची दोरीही गुंडाळलेली असू शकते. पूर्ण थ्रॉटलला इंजिन नेहमीचा आरपीएम गाठत नसेल आणि चिमणीतून काळा धूर येत असेल, तर इंजिन लोडने तापतंय, कूलिंग कितीही साफ केलं तरी.

१००० आणि १५०० चे सेकंद आणि कूलरच्या दोन्ही टोकांचं तापमान इथे लिहा, पुढचं त्यावरून सांगता येईल.